डोंगर ओळखू यायला हवा का?

वर्गात 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत बहुतेक कागदांवर एकच जागा उगवते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, तिथूनच नागमोडी उतरणारी नदी, काठाला कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. मलकापूरच्या मुलांसमोर आगाशिवचा डोंगर उभा आहे. पलीकडे कोयना वाहते, कराडला ती कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते आणि दोघी मिळून काटकोनात पूर्वेकडे वळतात. यातलं काहीही त्या कागदावर येत नाही, तरी त्या चित्राला कुणी 'हे कळत नाही' म्हणत नाही. तेच एखाद्या मुलीनं तीन आडवे पट्टे ओढले, खाली काळसर, मधे पिवळट हिरवा, वर राखाडी, आणि 'हा आगाशिव' असं सांगितलं, की लगेच प्रश्न येतो: यात डोंगर कुठं आहे?

प्रश्न रास्त आहे आणि शंभर वर्षांहून जुना आहे. तो नीट ऐकायचा तर दोन माणसं कल्पायला हवीत. दोघेही मलकापूरचे, दोघेही सत्तरीतले. एक निवृत्त चित्रकला शिक्षक. कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाच्या परंपरेवर वाढलेले, आजही घडीचं स्टूल घेऊन नदीकाठी बसणारे. गाव त्यांना 'सर' म्हणतं. दुसरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, ते 'साहेब'. वाटेल असं की अमूर्ताची बाजू सर घेतील आणि 'काही कळेल असं दाखवा' हा आग्रह साहेबांचा असेल. इथं नेमकं उलट आहे. सरांचं आयुष्य डोळ्यांना दिसणारं कागदावर उतरवण्यात गेलं. साहेबांचं आयुष्य जमिनीच्या अमूर्त चित्रांवर, म्हणजे कंटूरच्या नकाशांवर आणि उभ्या छेदांवर गेलं.

त्यांच्यासमोर सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचं पुस्तक आहे. उघडलेलं पान 1972 सालच्या 'तपोवन' या चित्राचं.

"जंगल आहे म्हणतात," सर म्हणाले. "मला एक झाड दाखवा. एकच."

"सर, रात्री कोयनेच्या खोऱ्यात कधी थांबलाय? कॅम्पच्या कंदिलापलीकडे झाड दिसतच नाही हो. काळोखालाच वजन असतं. मधेच कुठं जाळ दिसतो, लाल. बाकी नुसता आवाज. हे चित्र बघितलं आणि मला ती रात्र आठवली. झाड शोधावंसं वाटलंच नाही."

"आठवलं ते तुम्हाला. चित्रात ते आहे कुठं?"

साहेबांचं उत्तर रझांच्या चरित्रात सापडतं. रझा 1922 साली मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात बाबरिया इथं जन्मले. वडील वनखात्यात नोकरीला होते. नर्मदेच्या खोऱ्यातलं घनदाट जंगल आणि तिथल्या रात्रींची भीती यांविषयी रझा आयुष्यभर बोलत राहिले. 1939 ते 1943 ते नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, नंतर मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 1950 साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि साठ वर्षं तिकडेच राहिले. 'तपोवन' रंगवलं तेव्हा ते पन्नाशीचे होते आणि ते जंगल हजारो मैल दूर होतं. समोर बसून काढलेलं हे चित्र नव्हे. लहानपणी अंगात भिनलेल्या जागेचं ते चित्र आहे.

सरांना हे ठाऊक होतं. त्यांचा आक्षेप दुसऱ्याच ठिकाणी होता. "हाच माणूस मुंबईचे रस्ते जलरंगात काय सुरेख करायचा! ओला वॉश, त्यात गर्दी, छत्र्या, इमारतींच्या कडा विरघळलेल्या. ते मला कळतं आणि आवडतं. मग ते सोडून द्यायचं कारण काय?"

"कारण एका फोटोग्राफरनं सांगितलं," साहेब म्हणाले.

ही हकिकत खरी आहे. 1948 साली श्रीनगरला रझांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांच्याशी पडली. काश्मीरची निसर्गचित्रं पाहून त्यांनी या तरुणाची गुणवत्ता मान्य केली, पण चित्रांना बांधणी नाही असं स्पष्ट सांगितलं आणि चित्रकार सेझान अभ्यासायला सुचवलं. इमारतीला जसा पाया, भिंती आणि छप्पर लागतं तशी चित्रालाही रचना लागते, असा त्या सांगण्याचा अर्थ होता. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला हे पटकन भिडावं यात नवल नाही. रझांनी ते इतकं मनावर घेतलं की फ्रान्समध्ये गेल्यावर 1951च्या 'ओ द कान्य'सारख्या चित्रांत घरं ठोकळ्यांसारखी घट्ट रचलेली दिसतात, रस्त्यावर माणूस नाही. मग पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती घरं जाड रंगात वितळत गेली. तिथून जंगलं आली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून बिंदू, म्हणजे एक गोल, चित्राच्या मध्यावर येऊन बसला. म्हणजे आधी पाहिलं, मग बांधलं आणि मग सोडलं. हा क्रम या लेखाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सेझानचं उदाहरण इथं आलंच पाहिजे, कारण त्याच्याकडेही एक आगाशिव होता. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स या त्याच्या गावाजवळ सेंत-व्हिक्तवार नावाचा डोंगर आहे. तो त्यानं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा रंगवला. आधीच्या चित्रांत डोंगर आहे, पाइनचं झाड आहे, खालच्या दरीत पूल आहे. शेवटच्या चित्रांत निळ्या, हिरव्या आणि गेरू रंगांचे तुकडे उरतात, आणि तरीही तो डोंगर तोच असतो, जागचा हलत नाही. 1906च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर चित्र काढताना तो वादळात सापडला, भिजला आणि काही दिवसांत गेला. अमूर्ताचा रस्ता ज्यानं उघडून दिला तो माणूस शेवटपर्यंत डोंगरासमोर बसून काम करत होता.

"हे मी मुलांना सांगत आलोय," सर म्हणाले. "स्पॉटवर बसा. आमचे अबालाल रहिमान बघा."

कोल्हापूरच्या अबालाल रहिमान यांचं नाव निघालं की सरांचा आवाज बदलतो. जे. जे.मध्ये शिकलेले, 1888 साली व्हाइसरॉयचं पदक मिळवलेले अबालाल मुंबईत न थांबता कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट, पहाटेचं धुकं, संध्याकाळचं पाणी हेच विषय पुन्हा पुन्हा रंगवले. शाहू महाराज 1922 साली गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. 1931 साली ते वारले. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रं पाहायला मिळतात.

"संध्यामठ ज्यानं बघितलाय तो शेतकरीही अबालालला तपासू शकतो," सर म्हणाले. "पाणी इतकं चढतं का, ऊन या बाजूनं येतं का, सगळं. खोटं असेल तर पकडेल. तुमच्या तपोवनाला कोण तपासणार? तिथं कुणीही काहीही खपवू शकतो."

सरांचा हा युक्तिवाद भक्कम आहे, आणि अमूर्ताचे चाहते तो फार लवकर बाजूला सारतात. ओळखू येणारं चित्र गावाला उत्तर द्यायला बांधलेलं असतं. ज्याला कलेतलं काही कळत नाही असं आपण म्हणतो, त्या माणसालाही तिथं बोलायचा हक्क असतो.

साहेबांनी उत्तर दिलं ते खडकाचं. "सर, आधी ते त्रिकोणी डोंगर तपासू. आपला सह्याद्री असा आहे का? सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे पाट एकावर एक पसरले आणि थिजले, त्याचा हा दख्खन झाला. म्हणून आपल्याकडं सपाट माथे आहेत, पठारं आहेत, पायऱ्यापायऱ्यांचे उतार आहेत. धरणाच्या पायासाठी खोदलं की वर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मधे कधी विटेसारख्या लाल मातीचा पट्टा लागतो. आडवे पट्टे! पावसाळ्यात बघा, काळा कडा, त्याखाली हिरवी पायरी, परत काळा, परत हिरवा. ज्या पोरीनं तीन पट्टे ओढले तिनं दख्खन बरोबर बघितलाय. ज्यांनी त्रिकोण काढले त्यांनी कॅलेंडर बघितलंय."

सर थोडा वेळ बोलले नाहीत.

मग साहेबांनी आणखी एक बाजू काढली. सरांनी अलीकडेच कोयनेच्या पुलाकडून एक जलरंग केला होता. नदी, झाडी, मागे आगाशिव. "त्यात महामार्ग कुठं आहे, सर? सहापदरीकरण, उड्डाणपुलाचे खांब, विजेच्या तारा, फलक, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होतं. तुम्ही गाळलंत. तिथंच अमूर्त सुरू झालं की नाही?"

"गाळणं वेगळं, साहेब, आणि ओळखच पुसणं वेगळं. मी खांब गाळला, डोंगर ठेवला."

"रझांनी झाड गाळलं, जंगल ठेवलं."

कुठलंही निसर्गचित्र निवड केल्याशिवाय होत नाही, हे साहेबांचं म्हणणं निर्विवाद आहे. जलरंगात तर जवळून पाहिलं की पानं नसतातच, डागच असतात. पण सरांचा भेदही पोकळ नाही. काय गाळलं याइतकंच काय उरलं हे महत्त्वाचं असतं, आणि उरलेल्याला एखाद्या जागेचा पत्ता असावा ही अपेक्षा जुनाट म्हणून सोडून देता येणार नाही.

या वादात एका मराठी चित्रकाराचं नाव मधोमध यायला हवं, आणि ते फार कमी येतं. हरी अंबादास गाडे. जन्म 1917, अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर. विज्ञानाचे पदवीधर आणि गणिताचे शिक्षक. नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते चित्रकलेत आले. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्याच्या सहा संस्थापकांत सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे यांच्यासोबत गाडे होते. हुसेन आणि सूझा यांच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं निघाली. रझांना जगानं डोक्यावर घेतलं. त्या गटातला मुख्यतः निसर्गचित्रकार असलेला हा वऱ्हाडी गणितशिक्षक मात्र मराठी वाचकालाही नीट माहीत नाही. 2001 साली ते गेले.

गाडे यांच्या चित्रांत या वादाचा अख्खा प्रवास दिसतो. सुरुवातीला मोकळ्यावर बसून केलेले जलरंग. मग घरांची उतरती छपरं, भिंती, टेकड्यांचे उतार यांचे कापीव त्रिकोण आणि चौकोन झाले. वस्ती ओळखू येते, पण घराला दार-खिडकी असलीच पाहिजे असा हट्ट उरत नाही. पुढं तेलरंगाचे जाड थर येतात आणि रंगाचं एकमेकांशी असलेलं नातंच चित्राचा विषय होतं. गाव, टेकडी आणि आभाळ त्या नात्यातून जाणवत राहतात. गणित शिकवणाऱ्या माणसाला टेकडी उताराच्या रूपात दिसावी, छपरांची वस्ती कोनांच्या रूपात दिसावी, यात ओढूनताणून आणलेलं काही वाटत नाही. त्यांच्यासाठी अमूर्त हे बाहेरून आयात केलेलं तंत्र नसावं. जग वाचायची ती त्यांची रोजची भाषा होती.

"गाडे मला चालतात," सर म्हणाले. "छपराचा उतार खरा आहे. त्या भागात पाऊस किती हे त्या छपरावरून सांगता येईल. माझं भांडण पदमसींशी आहे. मेटास्केप! डोंगर आहे, पाणी आहे, सूर्य-चंद्र आहेत. पण कुठले? कुठल्या तालुक्यातले?"

अकबर पदमसी यांनी सत्तरच्या दशकात ही मालिका सुरू केली. कालिदासाच्या 'शाकुंतला'तल्या नांदीत सूर्य आणि चंद्र या काळ ठरवणाऱ्या दोन शक्तींचा उल्लेख येतो, त्यातून त्यांना सुचलं होतं. कुठलीही विशिष्ट जागा दाखवायची नाही हे त्यांनी ठरवूनच केलं. साहेबांना ही चित्रं भव्य वाटतात. या लेखकाला मात्र इथं सरांची बाजू जवळची वाटते. रंग झळाळतात, रचना अचूक आहे, पण पाय टेकायला माती मिळत नाही. रझांच्या जंगलात आणि गाड्यांच्या वस्तीत ती मिळते.

वासुदेव गायतोंडे यांचा दाखला देताना मात्र दोन्ही बाजूंनी जपून बोलावं लागतं. साहेबांनी त्यांच्या साठच्या दशकातल्या चित्रांकडे बोट दाखवून "हे पाणीच आहे, क्षितिजापर्यंत" असं म्हटलं. मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे समुद्राशेजारी काम करत, तिथं बसून तासन्‌तास समुद्राकडे पाहत, हे खरं आहे. पण आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणंही त्यांनी नाकारलं. ज्यात वस्तूचा संबंधच नाही अशी ही चित्रं आहेत, असं ते म्हणत. तेव्हा त्यांच्या चित्रात समुद्र शोधणं हा पाहणाऱ्याचा अधिकार असला, तरी त्याचा पुरावा म्हणून वापर करता येत नाही. सरांनी हे बरोबर दाखवून दिलं आणि साहेबांनी मान्य केलं.

मग बोलणं पुन्हा गावाकडे आलं आणि वादाला धार चढली.

"साक्ष कोण देणार?" सरांनी विचारलं. "डोंगर पोखरून खडी काढतात, रस्ते रुंद होतात, जुनी झाडं जातात. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की कोयनाकाठ कसा होता, तर तीन पट्टे काय सांगणार? माझा जलरंग सांगेल की इथं ही चिंच होती."

साहेबांचं उत्तर त्यांच्या लहानपणातून आलं. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनेचा भूकंप. "मी पोर होतो. भांडी पडली, आई ओरडली, आम्ही अंगणात आलो. पायाखालची जमीन आपली नाही असं वाटलं. उजाडल्यावर बघितलं तर आगाशिव जागच्या जागी, कालच्यासारखाच. तुम्ही त्या दिवशी त्याचा जलरंग केला असता तर तो आदल्या दिवशीसारखाच आला असता. पण तो डोंगर मला परत कधी तसा दिसला नाही. ही साक्ष कोण देणार, सर?"

या दोन साक्षी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. चिंच कुठं होती हे रझांच्या पद्धतीनं सांगता येणार नाही. त्या पहाटेनंतर डोंगराविषयी मनात बसलेली शंका अबालालांच्या पद्धतीनं सांगता येणार नाही. दोन्ही चित्रकारांना ती जागा अंगात मुरेपर्यंत जगावी लागते. 'काहीही खपवता येतं' ही सरांची भीती खरी ठरते ती जागा न पाहताच पट्टे ओढणाऱ्यांच्या बाबतीत. आणि असे पट्टे ओळखायला शेतकऱ्याचा डोळा पुरतो. हा उजेड कुठल्या महिन्यातला, ही माती ओली की कोरडी, हा हिरवा रंग उसाचा की भाताचा, असे प्रश्न अमूर्त चित्रालाही विचारता येतात. आपल्याकडं प्रदर्शनात ते कुणी विचारत नाही, कारण अमूर्तासमोर गप्प राहायचं असतं असा एक चुकीचा संकोच रुजला आहे. त्या मुलीच्या तीन पट्ट्यांसमोर 'डोंगर कुठं आहे' यापेक्षा 'हा मधला पट्टा पिवळट का' हा प्रश्न जास्त उपयोगाचा. तिनं पाहिलं असेल तर ती सांगेल की ऑक्टोबरनंतर गवत वाळायला लागतं.

अडचण वेगळीच आहे. साहेबांनी ज्यावर एवढं भांडण केलं ते 'तपोवन' त्यांनी पाहिलेलंच नाही, छापील पान पाहिलं आहे. या जातीच्या चित्रात आकार आणि पोत हेच सगळं असतं. कॅनव्हास माणसाएवढा किंवा त्याहून मोठा असतो, रंगाला पृष्ठभाग असतो, आणि पुस्तकात ते वीतभर गुळगुळीत चौकोन होऊन येतं. कोल्हापूरचा जलरंग छापात निम्मा तरी पोचतो. जाड रंगाचं चित्र जवळजवळ काहीच पोचत नाही. सातारा-सांगलीच्या माणसाला अमूर्त निसर्गचित्र 'कळत नाही' त्याचं एक मोठं कारण हे आहे की त्याला ते कुणी दाखवलेलंच नाही.

"मुंबईला जाऊ," साहेब म्हणाले. "कराडहून कोयना एक्स्प्रेस धरायची. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट बघू, आणि पलीकडंच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, तिथं जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे."

सरांची अट होती. आधी औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर बांधलेलं भवानी संग्रहालय, सातारा जिल्ह्यातलंच. तिथं रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, छतातून येणारा नैसर्गिक उजेड आहे, आणि त्याच संग्रहात हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. दोन्ही प्रकारच्या कला तिथं एका छपराखाली आहेत.

"मूरच्या त्या आईला बघून या आणि मग मला सांगा," सर म्हणाले, "आकार मोडला तरी ती आई आहे हे शेवटपर्यंत कळतं की नाही. मूरनं तेवढं सांभाळलं. रझांनी झाडाचं का सांभाळलं नाही, हे मला तिथं उभं राहून विचारायचंय."

"विचारा. पण त्या पोरीलाही बरोबर घेऊ."

"तिचे आईवडील सोडणार असतील तर घेऊ. रविवारी पुसेसावळीवरून एसटी आहे का बघा, आणि तिला म्हणावं, वही आण. पट्टे तिथंही ओढता येतील, पण यमाईच्या डोंगरासमोर बसून."